बधिर हात आणि चेकबुक

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, चेकची अफरातफर करणारा शिकलासवरला माणूस तुरुंगात जाऊन सुधारतो का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर मला ते धड सांगता आलं नाही. बहुतेक तुरुंगांत नाहीच सुधारत. पण अमेरिकेत, लुइझियानात मिसिसिपीच्या काठी कार्व्हिल आहे. 1894 पासून तिथे कुष्ठरुग्णांची वसाहत होती. 1990 नंतर काही वर्षं सरकारने त्याच आवारात कैदीही ठेवले, त्यांत पांढरपेशेही होते.

आई, ही अफरातफर म्हणजे चेक फिरवणं, ते असं असतं : खाती दोन बँकांत. पहिलीचा चेक दुसरीत भरायचा. तो वटायला दिवस लागतात, पण दुसरी बँक त्याआधीच पैसे काढू देते. मग पहिलीतला खड्डा बुजवायला दुसरीचा चेक, दर खेपेला थोडा मोठा. एका बँकेने एक चेक अडवला की सगळा डोलारा खाली. तोवर त्या माणसाला कुठेच काही दुखत नाही. समोर नुसते आकडे.

कुष्ठरोगात बोटं झडतात, हा गैरसमज आहे. नसा बधिर होतात. तापलेला पेला हातात धरला तरी चटका कळत नाही, बुटातला खडा दिवसभर टोचला तरी चालणं थांबत नाही. जखम चिघळते, हाड झिजतं, बोट आखूड होतं. वेल्लोरला रुग्णांचे हात सुधारणारे डॉ. पॉल ब्रँड 1966 मध्ये कार्व्हिलला गेले. वेदना न कळणं हाच खरा घात, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणून रोज बूट काढून तळवे निरखायचे. कुठे लाली आहे का, एखादी जागा जास्त गरम लागते का? असेल तर त्या पायाला विश्रांती.

हे रोज डोळ्यांसमोर असलं, तर आकड्यांत जगलेल्या माणसाला स्वतःचा बधिरपणा दिसू शकतो, असं मला मनापासून वाटतं. घरच्यांची बदनामी नको म्हणून कार्व्हिलच्या कितीतरी रुग्णांनी आपली नावं सोडली, तीही काही गुन्हा नसताना. चेक फिरवणाऱ्याने तर स्वतःच्या हाताने नाव घालवलेलं.

घसरतात ते इथेच : ‘सुटलो की मोठा धंदा करून सगळ्यांचे पैसे एकदम फेडीन.’ बाबा, हा तोच जुना चेक, पुढची तारीख टाकलेला. त्यापेक्षा वही घ्यावी. कोणाचे किती बुडाले, त्यापायी त्याचं काय अडलं, एकेका ओळीत लिहावं. मग झेपेल तेवढा हप्ता, दर महिन्याला, सबबी न सांगता. वही मात्र रोज उघडायची, तळवे बघतात तशी.

तुमची,
मनू