नॉकरचा वाटा

ब्रिस्टॉल, १२ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बॅग भरत होतो, म्हणून उत्तराला उशीर. चार दिवस कॉर्नवॉलला जाऊन आलो. इंग्लंडच्या नकाशात खाली डावीकडे समुद्रात घुसलेलं टोक दिसतं ना, तेच. हिला समुद्र बघायचा होता आणि माझी रजा वाया चालली होती. पण तिथे पोचल्यापासून डोक्यात तूच होतास.

पेन्झन्सला उतरलो. चढावर बाजारपेठ आणि तिच्या माथ्यावर हातात दिवा घेतलेला एक पुतळा. जवळ जाऊन बघतो तर हम्फ्री डेव्ही! या गावचाच, जन्म १७७८चा. खाणीतला वायू पेटू न देणारा जो सेफ्टी लॅम्प घेऊन तीस वर्षं तू बल्लारपूरच्या कोळशाच्या खाणीत उतरलास, त्याचा मूळपुरुष. गंमत अशी की त्याच्या मुलखात खाणी कथलाच्या आणि तांब्याच्या, कोळसा नाहीच. १८१५ साली त्याने दिवा केला तो दुसऱ्यांच्या खाणींसाठी. फोटो सोबत आहे. देवाजवळ लावायचा की कॅलेंडरशेजारी, ते तू ठरव.

दुसऱ्या दिवशी पेन्डीनजवळची गीव्हर खाण पाहिली. १९९०मध्ये बंद पडली, आता तिथे संग्रहालय आहे. जुन्या बोगद्यातून कमरेत वाकून चालवत नेतात. माझं हेल्मेट दोनदा आपटलं, तू असतास तर हसला असतास. तिथल्या किनाऱ्यावरच्या खाणी थेट समुद्राखाली गेलेल्या. जवळच्या बोटालॅकच्या खाणीत तर वादळ झालं की डोक्यावर समुद्रतळाचे धोंडे घरंगळताना ऐकू यायचे.

अशा ठिकाणी ‘नॉकर’ राहतात. ठेंगणे, थोराड डोक्याचे, सुरकुतलेले म्हातारे. तेही खाणकामगारच. हातात छोट्या कुदळी, हातोड्या, आणि खडकाच्या पलीकडे त्यांची टकटक चालू. टकटक जिथे जास्त, तिथे कथलाची शीर चांगली. आणि वरचं छत बसायच्या आधीही टकटक.

हे ऐकताना मला खाणीच्या छताला लावायचा तुझा लाकडी टेकू आठवला. तू म्हणाला होतास, लोखंडी टेकू मुका असतो बे, वाकतो तेव्हाच कळतं. लाकडी आधी कुरकुरतो, मग तडतडतो आणि माणसाला पळायला वेळ देतो. छत सळईने ठोकून आवाजावरून ओळखायचं, तेही तूच दाखवलं होतंस, आमच्या घरच्या पोपडे आलेल्या भिंतीवर! आवाजाकडे कान लावून ज्यांचा जीव वाचला, त्यांनी त्या आवाजाला हातपाय दिले, एवढंच मला समजलं. तरी हे भूत भीतीचं नाही. शेजारच्या बोगद्यात पाळीवर असलेला गडी आहे तो. रागीट, पण आपल्याच धंद्यातला.

म्हणून त्याला डब्यातला वाटा. तिथे खाणकामगाराचा डबा म्हणजे पेस्टी: मैद्याच्या पारीत मांस, बटाटा, कांदा भरून आपल्या करंजीसारखी कडा मुडपलेली, पण आकार दोन तळहातांचा. खाऊन झाली की कडेचा एक तुकडा नॉकरसाठी टाकायचा. माझे आजोबा ताटाभोवती चित्राहुती घालायचे तसंच. खाली शीळ घालायची नाही, क्रॉसची खूण करायची नाही, दोन्ही त्यांना खपत नाही. टॉम ट्रेव्होरो नावाच्या एकाने आवाजाने मागूनही त्याला कणभर दिलं नाही, सगळं खाऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर दरड कोसळलेली आणि त्याची हत्यारं खाली गाडलेली.

मला जास्त आवडला तो बार्कर. टोवेडनॅक गावचा आळशी माणूस. नॉकर-बिकर काही नसतात म्हणून एका झऱ्यापाशी लपून पाळत ठेवायला बसला. काम संपवून निघालेले नॉकर आपापसात बोलत होते, हत्यारं कुठे ठेवायची. एक म्हणाला, मी कपारीत ठेवतो. दुसरा म्हणाला, मी नेच्याखाली. तिसरा म्हणाला, मी बार्करच्या गुडघ्यावर. आणि धाडकन काहीतरी जड गुडघ्यावर आदळलं. जन्मभर लंगडला. ‘बार्करच्या गुडघ्यासारखा ताठ’ ही तिथल्या कामगारांची म्हणच झाली. माझाही गुडघा सध्या त्याच वळणावर आहे.

या गोष्टी लिहून ठेवणाऱ्यांपैकी एक रॉबर्ट हंट. त्याने त्या १८६५मध्ये छापल्या. पोटापाण्याचं काम काय, तर खाणींच्या सरकारी नोंदी ठेवणं. कुठून किती कथील निघालं हेही तोच लिहिणार आणि कुठे कोण टकटकतं हेही तोच.

एक गोष्ट मात्र घशाखाली उतरली नाही. नॉकर म्हणजे येशूला सुळावर दिल्याबद्दल इथे राबायला धाडलेल्या ज्यूंचे आत्मे, असं काही जण सांगत. पुराव्याला पेन्झन्सच्या त्याच पेठेचं नाव दाखवत: मार्केट ज्यू स्ट्रीट. प्रत्यक्षात ते कॉर्निश भाषेतलं ‘मरगस यव’, म्हणजे गुरुवारचा बाजार. भाषा मेली, शब्दाचा अर्थ गेला आणि रिकाम्या जागेत द्वेष येऊन बसला.

आता एक भूत माझ्या हिशेबाच्या धंद्याचं. जान ट्रेगीगल हा सतराव्या शतकात जमीनदाराचा कारभारी. एका कुळाने रक्कम भरली, याने वहीत नोंदच केली नाही आणि मेला. कुळावर दावा. बॉडमिनच्या कोर्टात त्या बिचाऱ्याने साक्षीदार म्हणून थेट ट्रेगीगललाच हाक मारली आणि भूत पिंजऱ्यात उभं! साक्ष खरी दिली, कूळ सुटलं. पण बोलावलेलं भूत परत कसं धाडायचं? सैतानाच्या तावडीत जाऊ नये म्हणून पाद्र्यांनी त्याला न संपणारं काम दिलं: डोझमरी तळं उपसायचं, भोक पडलेल्या शिंपल्याने. पुढे वाळूचे दोर वळायला लावलं, मग किनाऱ्यावरची वाळू झाडायला. माळावर वारा घोंगावला की ट्रेगीगल रडतोय म्हणतात. ते तळं खरं तर उथळ आहे. पण एक नोंद चुकवल्याची ही शिक्षा ऐकून आमच्या ऑफिसातले दोघे-तिघे गप्प बसतील.

झेन्नोरच्या चर्चमध्ये लाकडी बाकावर कोरलेली जलपरीही पाहिली, हातात आरसा आणि कंगवा. गाणाऱ्या मुलाला समुद्रात घेऊन गेली म्हणे. हिने दहा फोटो काढले, तेव्हा तो भाग हिच्याकडून ऐक.

तांब्याचे आणि कथलाचे भाव पडले तेव्हा ही माणसं जगभर पांगली. अमेरिकेत ग्रास व्हॅलीला गेली आणि नॉकरांना घेऊन गेली, तिथे त्यांचं नाव ‘टॉमीनॉकर’ झालं. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही कॉर्नवॉलचे कामगार आले होते. तिथे डब्यातला तुकडा कुणी टाकला असेल का रे?

गीव्हरचा आमचा गाईड स्वतः जुना खाणकामगार. वर आल्यावर मी सांगितलं, माझा मित्र भारतात कोळशाच्या खाणीत होता. त्याने हवापाणी, देश, काही विचारलं नाही. एकच विचारलं, “किती खोल?” मी म्हटलं, विचारून कळवतो. तेव्हा आकडा लिही. मीटरमध्येच लिही, आणि उगाच वाढवून लिहू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पक्या