भाच्याचा कॅमेरा आणि नांदूरमध्यमेश्वर

संपादक महोदय,

भाच्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय. परवा शहरातल्या एका दुकानात त्याला ‘आरशाचा डीएसएलआर कॅमेरा आता कोण घेतं?’ म्हणून 18-55 मिमीच्या, जवळचंच टिपणाऱ्या लेन्सचा महागडा मिररलेस (बिनआरशाचा) कॅमेरा गळ्यात मारत होते. मिररलेस उत्तमच. आरसा नसल्याने फोटो काढताना आवाज कमी होतो, फोटो किती उजळ येणार हे टिपण्याआधीच दिसतं. पण स्क्रीन सतत चालू, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. डीएसएलआरमध्ये आरशातून थेट लेन्समधलं दृश्य दिसतं, म्हणून नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटेपासून ताटकळणाऱ्याला तोच परवडतो.

आणि 18-55 ने जांभळी पाणकोंबडी टिपणार कशी? नुसता ठिपका दिसेल! पैसा लेन्सवर घालावा. त्याला म्हटलं, कॅननचा जुना डीएसएलआर घे, जोडीला 55-250 ची, दूरचं जवळ आणणारी लेन्स. उद्या मिररलेस घेतलास तरी ही लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून कॅननच्या आरएफ, म्हणजे मिररलेस बॉडीवर चालेल. सेकंडहँड घेताना शटर किती वेळा उडालंय ते मात्र विचारायचं.

छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा रामकुंडावरच्या गर्दीत खिशात टाकायला बरा, तोही चांगला ऑप्टिकल (लेन्सचा खरा) झूम असेल तर. नाहीतर मोबाइल आहेच की.

– एक पक्षीवेडा वाचक, नाशिकरोड