आजीची सांज तशीच ठेवल्याबद्दल

आदरणीय ताईंना सप्रेम नमस्कार,

रामदास बोटीवरचा आपला श्राव्य माहितीपट आम्ही सर्वांनी एकत्र बसून ऐकला, त्याला आता बरेच दिवस झाले. त्या रात्री फोनवर मानलेले आभार घाईचे होते आणि नंतर लिहायला बसलो की गळा भरून येत असे. हे पत्र मी मुद्दाम उघडपणे लिहीत आहे, कारण आपण काय केले हे इतरांनीही वाचावे, विशेषतः आपल्याआधी आमच्या ओसरीवर येऊन गेलेल्यांनी.

ज्यांना ही हकिगत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास ही आगबोट तासाभराच्या आतच काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात कलंडली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. आषाढातली अमावास्या होती, त्यामुळे मुंबईत कामाधंद्याला असलेली पुष्कळ मंडळी गावी निघाली होती. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. इतक्या जवळ इतकी माणसे बुडत असताना मुंबई आपल्या कामात होती, आणि तरंगत गेट वे ऑफ इंडियापर्यंत पोहोचलेल्या एका लहान मुलामुळे शहराला बातमी कळली. पुढच्याच महिन्यात स्वातंत्र्य आले, फाळणी झाली, आणि त्या धामधुमीत रामदास देशाच्या आठवणीतून निसटली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांना मात्र हे विसरणे परवडणारे नव्हते.

आजीचे वडील त्या बोटीवर होते. आजी तेव्हा सात वर्षांची होती. ती आजही एकच वाक्य सांगते, ‘सांजच्याला बोट बुडली.’ आम्ही नातवंडांनी ते इतक्यांदा ऐकले आहे की त्यात काही खटकते हे आमच्या ध्यानातही येत नसे.

ते एका वाहिनीच्या मुलाच्या ध्यानात आले. काही वर्षांपूर्वी स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी तो कॅमेरा घेऊन आला होता. आजीने सांगायला सुरुवात करताच त्याने तिला थांबवले. ‘आजी, बोट सकाळी बुडाली. सकाळी म्हणा. पुन्हा घेऊ.’ आजीने पदर सारखा केला आणि पुन्हा ‘सांजच्याला’ म्हणाली. तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही. मग त्याने निदान डोळ्यांत पाणी आलेले तरी मिळावे म्हणून प्रयत्न केला, तेही मिळाले नाही. प्रत्यक्षात दाखवले गेले ते अर्ध्या मिनिटाचे, त्यात आजीचा चेहरा, वर कुणाचा तरी चढ्या आवाजातला मजकूर आणि मागे एका परदेशी चित्रपटातले बुडणारे जहाज. त्यानंतर आजीने रामदासचा विषय घरातही काढणे सोडले होते. आपले काहीतरी चुकते, आपल्याला नीट आठवत नाही, असे तिच्या मनाने घेतले होते.

म्हणून आपण येणार म्हणालात तेव्हा मी फारसा उत्सुक नव्हतो. आपण यंत्र सुरू करण्याआधी हेडफोन आजीच्या कानांना लावलात आणि तिला पागोळ्यांचा, कोंबड्यांचा, तिच्या स्वतःच्या बांगड्यांचा आवाज ऐकवलात. ती हसली. ‘एवढं सगळं येतं होय यात?’ आणि मग ती कुणी न विचारता बोलू लागली. त्याच ओघात तिने तिचे वाक्य म्हटले. मी पुढे होऊन वेळ दुरुस्त करणार, एवढ्यात आपण मला हाताने थांबवलेत आणि तिला एवढेच विचारलेत, ‘सांजेला तुम्ही कुठे होतात?’

या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हते, कारण तो कुणी विचारलाच नव्हता. आजी दिवसभर उंबऱ्यात बसून होती. बाबा खाऊ आणणार म्हणून तिने दुपारचे जेवण अर्धेच ठेवले होते. काळोख पडता पडता बंदराकडून एक माणूस धावत आला आणि अंगणात न शिरता कुंपणाबाहेरच उभा राहिला. तिची बोट त्या वेळी बुडाली.

माहितीपटात आपण निवेदनात फक्त दोन वाक्ये घातलीत. कागदोपत्री रामदास सकाळीच बुडाली होती, पण किनाऱ्यावरच्या या घरात ती बातमी आली तेव्हा, संध्याकाळी बुडाली. आणि लगेच आजीचा आवाज, न कापता, न दुरुस्त करता. ताई, त्या दोन वाक्यांसाठी हे सारे पत्र आहे. ती ऐकून आजी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बघ, मी तेच सांगत होते.’ इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला खरे ठरवले होते, आणि तेही खऱ्याला कुठे धक्का न लावता.

आपल्या कामातले बाकीचे कसब मला पूर्णपणे कळते असा माझा दावा नाही. पण वादळाचे कृत्रिम आवाज आणि किंकाळ्या आपण कुठेही घातल्या नाहीत, धक्क्यावरच्या आजच्या बोटींची धडधड तेवढी ठेवलीत, हे मला फार योग्य वाटले. ज्यांची माणसे गेली त्यांना लाटेचा आवाज वेगळा ऐकवावा लागत नाही. रेवसच्या मच्छीमारांचा भाग आपण सर्वांत शांतपणे सांगितलात, तोही असाच मनात राहिला. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या त्या माणसांनी बुडणारे लोक दिसताच होडीतली मासळी समुद्रात टाकली आणि मोकळ्या झालेल्या जागेत माणसे ओढून घेतली. पावसाळ्यातली मासळी म्हणजे घरची चूल, हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्यांना कुणी थांबून विचार करा म्हटले नव्हते आणि त्यांनी तो केलाही नाही. चांगुलपणाच्या गोष्टी आपल्याकडे बहुधा मोठ्या आवाजात सांगतात, मग त्या खोट्या वाटू लागतात. आपण आवाज खाली ठेवलात, त्यामुळे त्या होड्या मला पहिल्यांदा खऱ्या वाटल्या.

आता एक विनंती. माहितीपट ऐकून शेजारच्या गावातल्या एक म्हाताऱ्या बाई आजीला भेटायला आल्या होत्या. त्यांचे काका त्याच बोटीवर होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बोट दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाली, कारण त्यांच्या घरी निरोप तेव्हा पोहोचला. आजीला हे अजिबात मान्य नाही. दोघी चहा गार होईपर्यंत भांडल्या आणि जाताना त्या बाईंनी आपला पत्ता मागून घेतला आहे. आपल्याला सवड असेल तर लवकर या, यंत्र घेऊन या, आणि शक्य झाल्यास दोन हेडफोन आणा.

आपला नम्र,
रामदास बोटीवरच्या एका प्रवाशाचा पणतू