स्तर वाढवता, मग हातही द्या

महोदय,

सिंगापूरने २०२४ पासून माध्यमिक शाळेतल्या, मुलांना कुवतीनुसार वेगळे करणाऱ्या एक्सप्रेस आणि नॉर्मल या शाखा मोडीत काढल्या. आता मूल बहुतेक विषय जी१ (सर्वांत सोपा), जी२ किंवा जी३ (सर्वांत कठीण) या स्तरावर घेते. २०२७ पासून माध्यमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या ओ आणि एन लेव्हल परीक्षांऐवजी एकच प्रमाणपत्र परीक्षा असेल. निर्णय मनापासून पटला.

इथे शाळेत मातृभाषा विषय म्हणून मराठी नाही. आपली अनेक मुले हिंदी घेतात, काही चिनी. माझी मुलगी चिनी शिकते. चित्रफीत पाहून बोलायचे तर ती घडाघडा बोलते. तेच निबंधात उतरवताना पेन अडते. एक आडवी रेघ लांब-आखूड झाली तरी अक्षर बदलते, आणि घरात विचारायला कोणी नाही. हल्ली कित्येक चिनी घरांतही इंग्रजीच चालते, म्हणजे अडचण आमच्यापुरती नाही.

जी२ वरून जी३ वर जाणाऱ्या मुलांची खरी दमछाक या लेखनातच होते. खासगी शिकवणी सगळ्यांना परवडत नाही. स्तर बदलल्यावर पहिले काही महिने शाळेतच, छोट्या गटात, लेखनाचे जादा तास घ्यावेत. नव्या परीक्षेच्या नमुना उत्तरपत्रिका शिक्षकांच्या शेऱ्यांसह मुलांना आधीच द्याव्यात.

– एक पालक, सिंगापूर