सातारच्या मैत्रिणीला, आश्रमातल्या मावश्यांविषयी

सांगली,
दि. १२ जून २०२५

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तिथल्या वृद्धाश्रमाच्या समितीवर तू गेलीस हे वाचून फार बरं वाटलं. पेपरात पुन्हा कोरोनाच्या बातम्या यायला लागल्यात, तुमच्याकडे मास्क, सॅनिटायझर, ऑक्सिमीटर अशी यादी निघाली आहे आणि तिच्यात आणखी काय घालू, असं तू विचारतेस. यादी चांगली आहे. मला विचारशील तर तिच्यात सगळ्यात वर तुमच्या मावश्यांचा, म्हणजे आजी-आजोबांचं सगळं करणाऱ्या बायकांचा, पगार लिही.

आमच्या इथल्या आश्रमात मावशीचा खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे कापायची पद्धत होती. बहुतेक ठिकाणी असतेच. २०२० साली, कोरोनाच्या टाळेबंदीत, एखाद्या मावशीच्या नवऱ्याचं कुपवाड एमआयडीसीतलं काम थांबलेलं, पोरं घरात, आणि सगळं घर हिच्या एकटीच्या पगारावर. अशा बाईला सकाळी अंग गरम लागलं तर ती काय करणार? एक क्रोसिन घेणार आणि कामावर येणार. तिला बोल कसा लावायचा? पण येऊन ती आजींना अंघोळ घालणार, भरवणार, कुशीवर वळवणार. आपले आजी-आजोबा तर दाराबाहेर पाऊलही टाकत नव्हते. आजार आत आला असता तो आमच्यापैकीच कुणाच्या तरी पावलांनी.

म्हणून आम्ही ठरवलं, आजारपणाचा खाडा कापायचा नाही. घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं म्हणून थांबावं लागलं तरी पगार पूर्ण. खजिनदारांनी डोक्याला हात लावला, त्यांचंही बरोबर होतं, देणग्या आटल्या होत्या. पण निर्णय सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि थोड्याच दिवसांत एक मावशी दारातच थांबून म्हणाली, "सिस्टर, मला काल रात्रीपासून फोडणीचा वासच येईना." ती आत आलीच नाही. तपासणी पॉझिटिव्ह आली. तिच्याकडे ज्या आजी होत्या त्यांना आम्ही लगेच वेगळ्या खोलीत ठेवलं, आणि त्या सगळ्या वाचल्या. पैसे कापले जात असते तर ती दारात थांबली असती का, शैला? सॅनिटायझरच्या कितीही बाटल्या आणल्या असत्या तरी हे झालं नसतं.

पगाराच्या पुढेही बरंच असतं. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला एकाच कुटुंबात रुग्ण सापडले आणि सगळा जिल्हा हादरला होता, आठवतं ना? एसटी बंद, वडापच्या जीपगाड्या बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. मावश्या चालत यायच्या. एकीचा घरमालक म्हणायला लागला, आश्रमात जाणार असशील तर खोली सोड. आम्ही दोघी-तिघी जाऊन त्याच्याशी बोललो, आश्रमाच्या लेटरहेडवर पत्र दिलं, तेव्हा तो नरमला. पुढे मावश्यांच्या दोन तुकड्या केल्या. एक तुकडी आश्रमातच मुक्कामाला, दुसरी घरी. लोक म्हणतात, किती त्याग केला त्यांनी. त्याग केलाच, पण रात्री झोपायला स्वतंत्र खोली, कडी लागणारं न्हाणीघर, घरी किराणा पोचलाय याची खात्री आणि पोरांशी बोलायला फोनचा रिचार्ज एवढं दिलं नसतं तर तो त्याग आपण त्यांच्याकडून ओरबाडून घेतला असता.

आता आजाराचं सांगते, कारण तुमच्याकडे थर्मल गनवर फार भिस्त दिसते. म्हातारपणी शरीर ताप दाखवेलच असं नाही. कित्येकदा पहिली खूण असते ती जेवण टाकणं, अचानक पडणं किंवा बोलण्यात गोंधळ. आमच्याकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा होते, मिरज जंक्शनला आयुष्य काढलेले. रोज सकाळी अंघोळीच्या वेळी ते मावशीला पाणी गरम नाही म्हणून रागवायचे. एके दिवशी रागावले नाहीत. उलट विचारलं, "गाडीला सिग्नल मिळाला का?" मावशी तशीच ओल्या हातांनी माझ्याकडे आली. "आजोबा आज बरोबर वाटत नाहीत." ताप नव्हता, खोकला नव्हता, धाप नव्हती. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन ८८. ९४ च्या खाली गेलं की थांबायचं नसतं. मिरज सिव्हिलला बेड मिळाला आणि आजोबा वाचले. परत आले तेव्हा पायांतली ताकद गेली होती, उठून बसायलाही दोघे लागायचे. त्यांना पुन्हा व्हरांड्यापर्यंत चालवलं तेही त्याच मावशीने, रोज चार पावलं वाढवत. म्हणून माणसं सारखी बदलू नका. रोज अंघोळ घालणाऱ्या बाईला जे कळतं ते आठवड्याने येणाऱ्या डॉक्टरांना कळत नाही. ती "वेगळं वाटतंय" म्हणाली की तपासणी झालीच पाहिजे, हा नियमच करून टाक.

दवाखान्यातून परत येणाऱ्यांचीही तितकीच काळजी घे. इंग्लंडमध्ये २०२० च्या वसंतात रुग्णालयं रिकामी करायच्या घाईत कितीतरी वृद्धांना तपासणी न करताच केअर होममध्ये धाडलं होतं. पुढे २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदेशीर ठरवलं. तोवर माणसं गेलीच होती. परत येणाऱ्यासाठी खिडकीची, हवेशीर एक खोली आजपासूनच राखून ठेवा.

पीपीई किट घातलेली मावशी पाहून आमच्या विसरभोळ्या आजी किंचाळायच्या. त्यांना वाटायचं कुणीतरी पकडायला आलंय. एका मावशीच्या मुलीने युक्ती काढली. आईचा हसरा फोटो मोठा छापून आणला आणि किटवर छातीशी चिकटवला, खाली ठळक अक्षरात नाव. मग सगळ्यांचेच फोटो काढले. ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी पाटी-पेन्सिल ठेवली, कारण मास्कमुळे त्यांना ओठ दिसायचे नाहीत.

आणि नातेवाइकांच्या भेटी. पूर्ण बंद करू नका गं. सुरुवातीला भीतीपोटी सगळ्या जगाने केल्या, आम्हीही केल्या. पण एकटेपणाने माणूस खंगतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. औषध वेळेवर, जेवण वेळेवर, तरी वजन उतरत जायचं. अंगणात, गजाच्या पलीकडे खुर्ची टाका, प्रत्येकासाठी एक ठरलेला माणूस ठेवा. आणि अखेरच्या घटकेला कुणालाही अडवू नका, काय लागेल ती काळजी घेऊन आत सोडा.

आमच्या एक आजी दवाखान्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत. अंत्यसंस्कार महापालिकेच्या लोकांनी केले. मुलगा परदेशात, त्याने तिकडे सुतक पाळलं. इकडे जिने त्यांची कित्येक वर्षं वेणीफणी केली ती मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर, रक्ताचं नातं नाही म्हणून तिला कसलं सुतक? तिने त्यांच्या कॉटवरची चादर काढली आणि तिथेच खाली बसली. आम्ही त्या संध्याकाळी सगळ्यांना हॉलमध्ये लांब लांब बसवलं, आजींचा फोटो ठेवला, आणि पहिल्यांदा तिला बोलायला सांगितलं. मग आजोबा मंडळी बोलली. मरण लपवू नका, त्यांना सगळं कळत असतं. आणि मावशीला दोन दिवसांची भरपगारी रजा द्या, ती तिचा हक्क म्हणून.

कागदपत्रांचं लगेच बघ. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा आमच्या कित्येकांकडे ना आधार, ना मोबाईल. काहींचे बोटांचे ठसेच झिजलेले. मे महिन्यात ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्राचे नियम आले, त्यात वृद्धाश्रमांचा उल्लेख होता, मग वाट मोकळी झाली. तेव्हापासून प्रत्येक कॉटला एक पिशवी टांगलेली असते. तिच्यात एका पानावर आजार, औषधं, नातेवाईकाचा नंबर, काय हाक मारलेली आवडते ते. शिवाय आधारची प्रत, जादा चष्मा, कवळीची डबी, कानाच्या मशीनचे सेल. ॲम्ब्युलन्स आली की पिशवी माणसाबरोबर जाते. जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून चढत गेलं आणि आम्हाला भर कोरोनात सगळ्यांना उंचावरच्या शाळेत हलवावं लागलं, तेव्हाही त्याच पिशव्या कामी आल्या. तुमच्याकडे पूर नाही, पण पिशवी ठेवच. त्या पानाचा आमचा नमुना सोबत पाठवते.

बैठक कधी आहे ते कळव. मी सकाळच्या गाडीने येईन, पण आधी मला तासभर तुमच्या मावश्यांबरोबर बसू दे, समितीशी नंतर बोलू. भाऊजींना नमस्कार.

तुझीच,
मंगल

ता. क. फ्लूच्या लशीचं डॉक्टरांशी बोलून ठेव. द्यायची ठरली तर आजी-आजोबांबरोबर मावश्यांनाही द्या, आणि खर्च आश्रमाचा.