शुक्रवारची पाळी

प्रिय दिनू,

काल वहिनींचा फोन आला होता. गेले काही आठवडे तू शुक्रवारचं डायलिसिस टाळतोयस म्हणाल्या. त्यांच्यावर चिडू नकोस, फार घाबरल्यात त्या. ऐकून मलाही चैन पडेना.

चार तास तिथे पडून काय सोसावं लागतं हे मी रोज मशीनशेजारी उभा राहून बघतो. तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा आला की माणूस पलंगाची दांडी आवळून धरतो. घरी गेल्यावर जेवायचंही त्राण उरत नाही. अशा माणसाला नुसतं ‘चुकवू नकोस’ म्हणून बजावणं मला पटत नाही. पण हे गोळे कशाने येतात ते ऐक. दोन पाळ्यांच्या मध्ये अंगात साठलेलं पाणी मशीनला त्या चार तासांतच ओढावं लागतं. शुक्रवार बुडाला की बुधवार ते सोमवार, पाच दिवसांचं पाणी साठतं. मग सोमवारी बीपी पडतं, गोळे येतात आणि पुढच्या पाळीची धास्ती वाढते. चुकवल्यामुळेच ती आणखी नकोशी होते, दिनू. त्यात पोटॅशियम चढलं तर फारसा त्रास न जाणवताही हृदय एकाएकी बंद पडू शकतं.

सोमवारी गेलास की टेक्निशियनला स्पष्ट सांग, गोळे येतात म्हणून. पाणी काढायचा वेग कमी करता येतो, वेळ थोडी वाढवता येते, डॉक्टर तुझं ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी निघाल्यावरचं वजन, पुन्हा ठरवतील. त्या दिवशी बीपीची गोळी कधी घ्यायची तेही विचार. मुकाट सोसणाऱ्याचा त्रास आम्हाला कळतच नाही रे.

तहानेचं मूळ मिठात आहे. लोणचं, पापड, फरसाण सुटलं की पाणी आवरतं. ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणू नकोस, त्यात पोटॅशियम असतं. भेटायला येणारे प्रेमाने शहाळं आणतात, तेही नको. दिवसाचं ठरलेलं पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेव आणि चहा, आमटी घेतलीस की तेवढं त्यातून कमी कर. फॉस्फरसची गोळी जेवणासोबतच घे. ती अन्नातला फॉस्फरस धरते, रिकाम्या पोटी वाया जाते.

तू बोलला नाहीस, पण शुक्रवार तुमच्याकडे बाजाराचा दिवस. सरकारच्या फुले योजनेत डायलिसिस फुकट होत असलं तरी बुडालेला गल्ला कोण भरून देणार? हेच कारण असेल तर मंगळ-गुरू-शनीची पाळी माग. जागा रिकामी झाली की देतात. तोवर पहाटेची पहिली शिफ्ट मिळते का बघ, दुपारचं दुकान वहिनी आणि मुलगा सांभाळतील. आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायचं डॉक्टरांशी एकदा बोलच, कधीपासून लांबवतोयस.

हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला जोडलेल्या शिरेवर, रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का बघत जा. ती थांबली तर त्याच दिवशी, अगदी रात्र झाली तरी, हॉस्पिटल गाठ. त्या हातावर बीपी मोजू देऊ नकोस, पिशवीही अडकवू नकोस.

या शुक्रवारी मी रजा टाकलीय. सकाळी येतो, तुझ्यासोबत चारही तास बसतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू