पान कोणते, फळ कोणते?

माननीय संपादक,

रानगुलाबाच्या पानांचा अर्क असलेल्या प्रसाधनांच्या जाहिरातींत पानाला फळाचे गुण चिकटवण्याची गफलत वारंवार आढळते, म्हणून हे पत्र. रोझा कॅनिना (रानगुलाबाचे शास्त्रीय नाव) या एकाच झुडपाची फळे, बिया आणि पाने प्रसाधनांत वापरली जातात. मात्र त्यांचे गुण एक नव्हेत. 'क' जीवनसत्त्वाची ख्याती ताज्या फळाची आहे, तर लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले बियांच्या तेलात असतात. पानांत प्रामुख्याने टॅनिन (तुरट द्रव्ये) आणि फ्लॅव्होनॉइड ही वनस्पतिजन्य संयुगे असतात. त्यांपैकी टॅनिन प्रथिनांशी बांधले जात असल्याने त्वचा किंचित आवळल्यासारखी वाटते आणि फ्लॅव्होनॉइडमध्ये ऑक्सिडीकरणरोधक (अँटिऑक्सिडंट) गुण असतात. असे असताना पानाच्या अर्काच्या बाटलीवर फळाचे छायाचित्र छापणे (ते लालचुटुक दिसते, हे मान्य!) ग्राहकाची दिशाभूल करणारे आहे.

वेष्टनावर 'लीफ', 'फ्रूट' की 'सीड ऑइल' लिहिले आहे, हे म्हणूनच बारकाईने पाहावे. घटकांची यादी साधारणपणे उतरत्या प्रमाणात असते. परंतु १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने देता येतात, त्यामुळे अर्क नेमका किती, हे यादीवरून उमगतेच असे नाही. शिवाय द्रवरूप अर्कात पाणी वा ग्लिसरीनच बहुतांशी असते. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, असेही नाही. संवेदनशील त्वचा असलेल्यांनी आधी हाताच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून पाहावे. उत्पादकांनी झुडपाचा भाग आणि अर्काचे प्रमाण वेष्टनाच्या दर्शनी बाजूस ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक